शितावरून भात : फुकट उपलब्ध मायक्रोॲरे माहितीतून झाडाची जनुकं कशी वाचायची

आमचं शेत खारेपाटात आहे. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली की त्या तुकड्यात पुढची दोन-तीन वर्षं भात धड येत नाही. रता हा आमच्याकडचा भात तेवढा तग धरतो. एकदा बाबांनी विचारलं, "तू कॉलेजात झाडांचं शिकवतेस ना, मग सांग, रत्यात असं काय आहे जे बाकीच्या भातात नाही?" मी जनुकं, क्षार, मुळं असं काहीबाही बोलले. त्यांनी मान हलवली, पण उत्तर मिळालं नाही हे आम्हा दोघांनाही कळलं.

आमच्या विभागात एक पीसीआर यंत्र आहे, एक जुना डीप फ्रीझर आहे, आणि एमएस्सीच्या मुलांना प्रकल्पासाठी एकच सत्र मिळतं. मायक्रोॲरेची चिप (हजारो जनुकं किती चालू आहेत ते एकदम मोजणारी) विकत घेणं आमच्या ऐपतीतलं नाही. पण दुसऱ्यांनी केलेल्या हजारो चिपांचे आकडे कुणालाही बघता येतात, तेही फुकट. गेली काही वर्षं मी मुलांना तेच शिकवते. इथे भाताचं एकच उदाहरण घेऊन सगळी वाट दाखवते. तुमचं पीक वेगळं असलं तरी वाट हीच.

एक सूचना आधीच. प्रयोगांचे आणि जनुकांचे क्रमांक मी देवनागरीत लिहिलेत. शोधखिडकीत टाकताना ते रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता टाका.

चिप म्हणजे काय ते थोडक्यात. काचेच्या बारीक तुकड्यावर ठरावीक जागी डीएनएचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात. त्यांना प्रोब म्हणतात. ॲफिमेट्रिक्सच्या चिपेवर प्रत्येक प्रोब २५ अक्षरांचा असतो, आणि एका जनुकासाठी असे अनेक प्रोब मिळून एक प्रोबसेट होतो. झाडातून आरएनए (चालू असलेल्या जनुकांच्या नकला) काढायचा, त्याची चकाकणारी प्रत करायची आणि ती चिपेवर सोडायची. जिथे जास्त चिकटेल तिथे जास्त चकाकी. म्हणजे ते जनुक त्या वेळी, त्या अवयवात जास्त चालू होतं. भाताच्या चिपेवर ५७,३८१ प्रोबसेट आहेत. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाच्या एटीएच१ चिपेवर साधारण २२,८००.

हल्ली आरएनए-सीक्वेन्सिंगच्या, म्हणजे आरएनए थेट वाचून मोजण्याच्या, जमान्यात चिप जुनी झाली, हे खरं. पण सीक्वेन्सिंगच्या कच्च्या फायली कितीतरी जीबींच्या असतात, आणि आमच्या कॉलेजचं इंटरनेट दुपारी दोननंतर पेंगतं. चिपेचे आकडे मात्र एका तक्त्यात मावतात. शिकायला चिपच बरी.

पहिला मुक्काम : जीईओ

अमेरिकेतल्या एनसीबीआय या सरकारी संस्थेचा जीईओ नावाचा साठा २००० सालापासून सुरू आहे. शोधपत्र छापताना संशोधकांनी आपले आकडे तिथे ठेवायचे असा प्रघात पडला, म्हणून हा साठा फुगत गेला. तिथे तीन प्रकारचे क्रमांक भेटतात. जीपीएल म्हणजे चिपेचा प्रकार, जीएसएम म्हणजे एक सॅम्पल आणि जीएसई म्हणजे अख्खा प्रयोग. भाताची ॲफिमेट्रिक्स चिप जीपीएल२०२५, ॲराबिडॉप्सिसची एटीएच१ जीपीएल१९८.

आमचा प्रयोग जीएसई६९०१. हा दिल्ली विद्यापीठातल्या गटाने केलेला. बारा चिपा आहेत: साध्या पाण्यातल्या रोपांच्या तीन, कोरड्या ठेवलेल्यांच्या तीन, मिठातल्या तीन आणि थंडीतल्या तीन. रोपं आयआर६४ या वाणाची, सात दिवसांची. नवशिक्यासाठी याच्याइतकं चांगलं काही मला सापडलेलं नाही, कारण कंट्रोल (ताण न दिलेली, तुलनेची रोपं) आणि ताण दोन्ही एकाच क्रमांकाखाली आहेत. हे किती महत्त्वाचं आहे ते पुढे माझ्या फजितीच्या गोष्टीत कळेल.

पान उघडलं की मुलांचा हात लगेच विश्लेषणाच्या बटणाकडे जातो. मी त्यांना वहीत चार गोष्टी लिहायला लावते: कुठलं वाण, किती दिवसांचं रोप, कुठला अवयव, आणि ताण किती व किती वेळ. यासाठी प्रत्येक जीएसएमच्या पानावर जाऊन वाचायचं. मिठाचा ताण इथे २०० मिलिमोलर, तीन तास. हिशोब करा: लिटरला सुमारे पावणेबारा ग्रॅम मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे हे पाणी समुद्राच्या एक तृतीयांश खारट झालं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तीन तासच? आपल्या शेतात पाणी आठ-आठ दिवस उभं असतं." एका वाक्यात त्यांनी प्रयोगाची मर्यादा सांगून टाकली. या बारा चिपा रोपाच्या कळवळण्याचा पहिला आवाज सांगतात. आठ दिवसांनी रोप काय करतं ते यात नाही.

दुसरा मुक्काम : गट पाडणं आणि खूण तपासणं

जीएसई६९०१ च्या पानाच्या खाली जीईओ२आरचं, म्हणजे जीईओच्याच विश्लेषणाच्या साधनाचं, बटण आहे. ते दाबलं की बारा सॅम्पलांची यादी येते. गट तयार करायचे: एकाला "मीठ" नाव द्या, दुसऱ्याला "कंट्रोल". मिठाची तीन सॅम्पल निवडून पहिल्या गटात टाका, साध्या रोपांची तीन दुसऱ्यात. बाकीची सहा तशीच सोडा. मग विश्लेषण चालवा. आतमध्ये आर या प्रोग्रामिंग भाषेतलं लिम्मा नावाचं पॅकेज काम करतं, पण तुम्हाला एक ओळही लिहावी लागत नाही. (पुढे आर शिकायची असेल तर आर-स्क्रिप्टच्या टॅबमध्ये अख्खा प्रोग्राम दिलेला असतो. माझे दोन विद्यार्थी तोच गिरवत गिरवत शिकले.)

यादी बघण्याआधी बॉक्सप्लॉट (प्रत्येक सॅम्पलचे आकडे कुठून कुठवर पसरलेत ते पेटीने दाखवणारं चित्र) बघा. सगळ्या सॅम्पलांच्या पेट्या साधारण एका रेषेत हव्यात. एखादी पेटी वर किंवा खाली घसरलेली असेल तर त्या चिपेवर किंवा तिच्या आकडेमोडीवर शंका घ्यायची. आकडे शून्य ते सोळाच्या आसपास असतील तर ते लॉग केलेले आहेत, हजारांत असतील तर नाहीत. जीईओ२आर हे आपोआप ओळखायचा प्रयत्न करतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बरं. आणखी एक गोष्ट: जीईओ२आर चिपेच्या कच्च्या फायलींवर चालत नाही, संशोधकांनी स्वतः तयार करून ठेवलेल्या आकड्यांवर चालतं. त्यांनी जसं शिजवलं तसंच आपल्या ताटात येतं.

यादीत लॉगएफसी नावाचा रकाना असतो. हा दोनच्या पटीचा हिशोब आहे. लॉगएफसी १ म्हणजे दुप्पट, ३ म्हणजे आठपट, उणे १ म्हणजे निम्मं. पण उणे कुणाच्या तुलनेत? मिठातून कंट्रोल वजा केलंय की उलट? गटांचा क्रम चुकला की सगळी यादी डोक्यावर उभी राहते, आणि वाढलेलं जनुक घटलेलं दिसतं. यावर माझा साधा उपाय आहे. ज्याचं वागणं आधीपासून माहीत आहे असं जनुक शोधा. भातात रॅब१६ए हे पाण्याच्या टंचाईत आणि ॲबसिसिक ॲसिड (झाडाचं ताणाचं संप्रेरक) दिल्यावर वाढतं हे १९८८ पासून माहीत आहे. साल्टी हे मिठाने आणि कोरडेपणाने वाढणारं जनुक १९९० साली वर्णिलं गेलं. रॅब१६एचा क्रमांक एलओसी_ओएस११जी२६७९० आणि साल्टीचा एलओसी_ओएस०१जी२४७१०. ही दोन्ही तुमच्या यादीत उणे दिसली, तर नवा शोध लागल्याचा आनंद मानू नका. गट उलटे लागलेत.

पी-व्हॅल्यूचे (खरा फरक नसताना एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेचे) दोन रकाने असतात. मुलं नेहमी साधा रकाना बघतात, कारण त्यात जास्त जनुकं "सापडतात". त्यांना मी फळ्यावर गुणाकार करायला लावते: ५७,३८१ गुणिले ०.०५. उत्तर येतं सुमारे २,८७०. म्हणजे मिठाचा कशावरही काडीचा परिणाम झाला नसता, तरी साध्या ०.०५ च्या चाळणीतून जवळपास २,८७० प्रोबसेट नुसत्या योगायोगाने पार झाले असते. म्हणून सुधारित पी-व्हॅल्यूचा, म्हणजे इतक्या साऱ्या चाचण्यांचा हिशोब धरलेला, रकाना धरायचा, आणि त्याच्या जोडीला लॉगएफसी निदान १ च्या वर किंवा उणे १ च्या खाली.

प्रोबचं नाव आणि जनुकाचं नाव

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि यावर कुणी सहसा लिहीत नाही.

चिप प्रोबसेटचं नाव सांगते, पुस्तकं जनुकाचं. त्यात भाताच्या जनुकांना दोन वेगळ्या वह्यांतले दोन क्रमांक आहेत. एक एलओसी_ओएसने सुरू होतो, तो अमेरिकेतल्या एमएसयू यादीतला. दुसरा नुसता ओएसने, जपानच्या रॅप-डीबीतला. एकाच जनुकाचे दोन्ही क्रमांक दिसायला इतके सारखे असतात की माझ्या एका विद्यार्थ्याने पंधरा दिवस भलत्याच जनुकावर घालवले. रॅप-डीबीवर एका क्रमांकाचा दुसरा करून देणारं साधन आहे. ते वापरा, अंदाजाने जोडू नका. प्रोबसेट आणि जनुक जुळवायला जीपीएल२०२५ च्या पानावर पूर्ण तक्ता उतरवून घेता येतो.

प्रोबसेटच्या शेपटीकडेही लक्ष द्या. नुसतं "_एटी" असेल तर निर्धास्त. "_एस_एटी" असेल तर ते प्रोब एकापेक्षा जास्त सख्ख्या जनुकांना चिकटतात. "_एक्स_एटी" असेल तर त्यातले काही प्रोब भलत्यालाही चिकटू शकतात. मोठ्या कुटुंबातल्या जनुकांच्या बाबतीत ही शेपटी बघितल्याशिवाय एक वाक्यही लिहायचं नाही. आणि एखादं जनुक यादीत नाही याचा अर्थ ते झाडात नाही असा होत नाही. कदाचित चिपेवर त्याचा प्रोबच नसेल.

एवढं झाल्यावर चित्रं बघायला जा. कॅनडात टोरांटो विद्यापीठाच्या बार या संकेतस्थळावर ईएफपी ब्राउझर आहे, २००७ साली प्रसिद्ध झालेला. जनुकाचा क्रमांक टाकला की झाडाचं चित्र येतं आणि प्रत्येक अवयव त्या जनुकाच्या पातळीप्रमाणे पिवळ्यापासून लालपर्यंत रंगतो. भाताचाही ईएफपी आहे, आणि त्यात याच दिल्लीच्या गटाचे आकडे रंगवलेले आहेत. मुलांना हे फार आवडतं. मलाही आवडतं. पण या रंगानं मला एकदा फसवलंय. ॲब्सोल्यूट प्रकारात लालाचा कमाल आकडा प्रत्येक जनुकासाठी वेगळा धरला जातो. एका जनुकाचा लाल म्हणजे दोनशे आणि दुसऱ्याचा लाल म्हणजे वीस हजार, असं होऊ शकतं. दोन चित्रं शेजारी ठेवून "दोन्ही सारखीच लाल" म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांवरचा सहाचा आकडा बघून लांबी सारखी म्हणणं. कमाल मर्यादा स्वतः टाकायची खिडकी तिथे आहे. ती भरा, आणि शेजारचा आकड्यांचा तक्ता उघडून बघा. रिलेटिव्ह प्रकारात रंग कंट्रोलच्या तुलनेत असतो, लाल वाढलेलं आणि निळं घटलेलं. ताणाच्या प्रश्नांना हाच प्रकार योग्य.

आमची फजिती

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीला ॲराबिडॉप्सिसच्या थंडीवर काम करायचं होतं. जर्मनीत ॲटजेनएक्सप्रेस नावाचा मोठा प्रकल्प झाला होता. त्यात थंडी, मीठ, कोरडेपणा, उष्णता, जखम अशा एकेका ताणाखाली ठरावीक तासांनी पानं-खोडं आणि मुळं वेगवेगळी गोळा केलेली आहेत. थंडीचा क्रमांक जीएसई५६२१. तिने तो उघडला, अर्ध्या तासाची सॅम्पल एका गटात आणि बारा तासांची दुसऱ्या गटात टाकली, आणि "थंडीत वाढणारी जनुकं" अशी देखणी यादी काढली. मी वाचली, शाबासकी दिली. आम्ही पोस्टर केलं आणि एका स्पर्धेत लावलं. परीक्षक बाईंनी चष्मा सरकवून एकच विचारलं, "अगं, कंट्रोल कुठंय?"

कंट्रोल त्या क्रमांकात नव्हतंच. सगळ्या ताणांचं सामाईक कंट्रोल जीएसई५६२० या वेगळ्या क्रमांकाखाली ठेवलेलं आहे, आणि तेही प्रत्येक वेळेचं वेगळं. कारण झाडाला घड्याळ असतं. सीसीए१ सारखी जनुकं पहाटे चढतात आणि पुढे दिवसभर उतरतात, थंडी असो वा नसो. अर्ध्या तासाचं सॅम्पल आणि बारा तासांचं सॅम्पल यांत थंडीचा फरक होता तेवढाच दिवसाच्या वेळेचाही होता. आमच्या यादीतलं बरंचसं "थंडीचं" म्हणजे फक्त संध्याकाळ झाली होती. चूक मुलीची नव्हती, मार्गदर्शकाची होती.

जीईओ२आर एका वेळी एकच जीएसई घेतं, त्यामुळे ही तुलना त्यात करता येत नाही. त्यासाठी दोन्ही क्रमांकांच्या कच्च्या फायली उतरवून आरमध्ये एकत्र एकाच मापावर आणाव्या (नॉर्मलाइझ कराव्या) लागतात. नाहीतर ईएफपीचा ताणाचा विभाग वापरा. तिथे प्रत्येक वेळेच्या सॅम्पलची तुलना त्याच वेळेच्या कंट्रोलशी केलेली आहे. आणि तिथले रेप्लिकेट (एकाच परिस्थितीतली वेगवेगळी सॅम्पल) दोनच आहेत हेही ध्यानात ठेवा. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण दोनच शितं चिमटून अख्ख्या हंड्यावर पैज लावू नये.

रत्याच्या प्रश्नाकडे परत

समजा, तुमच्याकडे मिठात वाढलेल्या जनुकांची स्वच्छ यादी तयार झाली. ती म्हणजे क्षार सोसायची गुरुकिल्ली का? इथेच बहुतेक प्रकल्पांचा निष्कर्ष घसरतो. आयआर६४ मिठाला नाजूक वाण आहे. त्यात जे वाढलं ते रोपाचं ओरडणं असू शकतं, इलाज असेलच असं नाही.

म्हणून मुलांना मी दुसरा प्रयोग उघडायला लावते, जीएसई३०५३. हे काम २००५ साली प्रसिद्ध झालं. त्यात दोन भातं शेजारी ठेवली आहेत: मिठात माना टाकणारं आयआर२९, आणि आयआर२९ व केरळच्या पोक्काळीच्या संकरातून आलेलं, मीठ सोसणारं एफएल४७८. दोन्हींचे वेगळे गट पाडून वेगळ्या याद्या काढा आणि लांबी बघा. नाजूक वाणात कितीतरी जास्त जनुकं हलतात. सोसणारं तुलनेनं शांत असतं. पहिल्यांदा हे बघताना मुलं गोंधळतात, कारण "ज्यात जास्त बदल ते जास्त समर्थ" असं त्यांनी मनात धरलेलं असतं.

आणि एक जनुक यादीत शोधून बघा, एलओसी_ओएस०१जी२०१६०. याला एसकेसी१ किंवा ओएसएचकेटी१;५ म्हणतात. नोना बोकरा या भारतीय खाऱ्या भातातून ते २००५ साली हाती लागलं. पानांकडे चाललेल्या रसातून सोडियम परत ओढून घेण्याचं काम ते करतं. नोना बोकरातलं हे प्रथिन साध्या भातातल्यापेक्षा चार अमिनो आम्लांनी वेगळं आहे, आणि कामाचा फरक त्या बदलांमुळे पडतो. चिप मोजते जनुक किती चालू आहे ते. प्रथिन किती चांगलं घडलंय हे ती मोजत नाही. शिवाय हे जनुक मुळातल्या रसवाहिन्यांलगतच्या थोड्याशा पेशींत काम करतं. अख्खं रोप वाटून आरएनए काढला की तो आवाज गर्दीत बुडतो. रत्याचं गुपित अशाच एखाद्या जागी असेल तर ५७,३८१ प्रोबसेट चाळूनही ते दिसणार नाही. हे कळल्यावर मुलं यादीबद्दल जरा नम्रपणे बोलायला लागतात.

अनोळखी जनुक हाती लागलं तर त्याची सोबत बघायची. जपानचं एटीटीईडी-२ आणि टोरांटोचं एक्स्प्रेशन ॲंगलर हे काम करतात: शेकडो चिपांमध्ये तुमच्या जनुकाबरोबर कोण चढतं आणि कोण उतरतं ते सांगतात. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असा हा तर्क आहे. शोधाची दिशा ठरवायला उत्तम, पुरावा म्हणून लंगडा.

पुरावा शेवटी पीसीआरवर, म्हणजे ते एकेक जनुक वेगळं मोजूनच मिळतो, आणि तिथेही चिपांचा एक उपयोग आहे जो लहान प्रयोगशाळांनी जरूर करावा. पीसीआरमध्ये तुलनेला एक न हलणारं जनुक लागतं. वर्षानुवर्षं सगळे ॲक्टिन वापरत आले. २००५ साली जर्मनीतल्या गटाने एटीएच१ चे आकडे चाळून ॲक्टिनपेक्षा स्थिर जनुकं शोधून काढली. ॲट१जी१३३२० हे त्यातलं एक, आणि आज ते सर्रास वापरलं जातं. भातासाठी दिल्लीच्याच गटाने २००६ मध्ये यूबीक्यू५ आणि ईईएफ१-अल्फा ही जनुकं स्थिर असल्याचं दाखवलं. तरीही आपण निवडलेलं जनुक जीईओ२आरच्या प्रोफाइल ग्राफमध्ये टाकून बाराही सॅम्पलांत रेघ सपाट आहे का ते पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

या वर्षी आम्ही रत्याच्या रोपांवर साधा पीसीआर करणार आहोत, यूबीक्यू५ आणि साल्टी जोडीने. बी बाबांनी डब्यात काढून ठेवलंय. मिठाचं प्रमाण मात्र शोधपत्रातून उचलायचं नाही असं ठरलंय. पुढच्या उधाणाला उघाडीजवळचं (बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेजवळचं) पाणी बाटलीत भरून आणायचं, मीटरवर त्याची क्षारता मोजायची आणि तेवढंच खारट पाणी रोपांना आठ दिवस द्यायचं. कंट्रोलची रोपं शेजारच्याच ट्रेमध्ये, आणि ताणाची उपटू त्याच वेळी तीही उपटायची. ही शेवटची अट ट्रेवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवली आहे.